फिश टँकमधल्या अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडांना काळे केसाळ झुपके आलेत, घासून निघत नाहीत. काय करू?

ही ‘ब्लॅक बिअर्ड अल्गी’ दिसतेय. खात्री हवी तर एक खराब पान सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा. झुपका लालसर झाला की समजा तीच. (दिसते काळी, पण आहे लाल शेवाळांच्या गटातली.) नव्या टँकमधला तपकिरी थर वेगळा, तो बोटाने पुसला जातो.

अनुबियास फार हळू वाढतो, एकेक पान महिनोन्महिने टिकतं, म्हणून त्यालाच ही आधी धरते. जास्त माखलेली पानं सरळ देठापासून कापा, जीव अडकवू नका. बाकीच्यांसाठी मेडिकलमधलं 3% हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. फिल्टर बंद करून बिनसुईच्या सिरिंजने थेट झुपक्यावर सोडा. 10 लिटर पाण्यामागे 2 मिलीच्या वर नको. दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर चालू करा. काही दिवसांत झुपके गुलाबी पडले की मेले. शेजारी व्हॅलिस्नेरिया किंवा मॉससारखी पाणवनस्पती असेल तर जपून, त्यांना हे सोसत नाही.

दिवा टायमरवर 6-7 तास, खाणं कमी, दर आठवड्याला थोडं पाणी बदला. दुकानदार ‘सकर फिश’ गळ्यात मारायला बघेल. घेऊ नका, हे शेवाळ ती खात नाही, आणि वाढते मात्र फूटभर.