गाभण उंदरीला दिलेल्या औषधाने पिल्लांत व्यंग कसं येतं?
औषधाइतकाच दिवस महत्त्वाचा. प्रयोगशाळेतल्या उंदरीचा गर्भकाळ जेमतेम २१-२२ दिवसांचा. बहुतेक अवयव घडतात साधारण ६ ते १५ या दिवसांत. नायट्रोफेन हे तणनाशक घ्या. नवव्या दिवसाच्या सुमारास एकदाच पाजलं, तरी बऱ्याच पिल्लांच्या श्वासपटलात, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्यात, भोक राहतं. यकृत, आतडी वर छातीत सरकतात आणि फुप्फुसं खुरटतात. हे रसायन अ जीवनसत्त्वापासून रेटिनोइक आम्ल बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं, आणि पडदा घडायला ते आम्ल लागतंच. पण अ जीवनसत्त्व अति झालं तरी कवटी उघडी राहते, हे १९५३ मध्येच दिसलं होतं. मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते थॅलिडोमाइड, गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलेलं औषध: हजारो बाळांचे हातपाय खुंटले, उंदरांच्या पिल्लांचे मात्र नाही.