आधी प्रोब, मग सलाईन

चि. डॉक्टरबाईंना अनेक आशीर्वाद.

आयसीयूची रात्रपाळी सुरू झाली म्हणे. आता अथणी-चिकोडीकडच्या उसाच्या फडातून घोणस चावलेले पेशंट येतील, पावसाळ्यात खानापूरच्या भातशेतीतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा संसर्ग). दोन्हींत किडनीला फटका बसतो. लघवी सहा तास ताशी किलोमागे अर्ध्या मिलिलिटरच्या खाली राहिली, की सिस्टर विचारणार, 'मॅडम, अजून एक सलाईन लावू?' दाराशी नातेवाईकही कन्नड-मराठीत तेच विचारत असतात. हो म्हणायच्या आधी सोनोग्राफीचा प्रोब हातात घे.

सुरुवात मूत्राशयापासून. हसू नकोस. कॅथेटर असूनही ते तुडुंब दिसलं, तर नळी तुंबली असणार. घोणसच्या पेशंटला लघवीतून रक्त जातं, गुठळी अडकते. मग किडन्या बघ: फुगल्यात का, लांबी किती. आखडलेल्या, पांढुरक्या दिसल्या तर आजार जुना. मधुमेहात मात्र जुनाट आजारातही आकार नेहमीसारखाच असू शकतो.

खरा वेळ शिरांना दे. इन्फिरिअर व्हेना केव्हा, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, 2 सेंटीमीटरपेक्षा रुंद असेल, तर पुढे पोर्टल व्हेनवर, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेवर, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लाव. निरोगी माणसात तिथला प्रवाह जवळपास सलग असतो. तो ठोक्यागणिक खाली-वर होऊ लागला, तर वेग मोज. जास्तीत जास्त 30 आणि कमीत कमी 12 आला, तर फरक 18, म्हणजे जास्तीत जास्त वेगाच्या 60 टक्के. 50 च्या वर गेलं की रक्त मागे तुंबलंय असं धर. सोबत हिपॅटिक व्हेन (यकृतातून रक्त बाहेर नेणारी शीर) आणि किडनीतल्या शिराही बघ. 2020 साली प्रसिद्ध झालेली व्हेक्सस (VExUS) ही शिरांतलं तुंबलेपण मोजायची पद्धत यावरच उभी आहे. तीनपैकी किमान दोन ठिकाणी बिघाड तीव्र असेल, तर शिरांतली रक्ताची गर्दी गंभीर. अशा किडनीवर आणखी सलाईन ओतणं मला तरी अघोरीच वाटतं. तिथे फ्रुसेमाइडचा, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाचा, विचार कर. एकट्या पोर्टलवर विसंबू नकोस. सडपातळ निरोगी माणसातही ती ठोके दाखवते, आणि सिरोसिसमध्ये (यकृत आकसण्याच्या आजारात) हे मोजमाप फसवं ठरतं. व्हेंटिलेटरवर तर इन्फिरिअर व्हेना केव्हा एरवीच रुंद दिसते.

सगळं ठीक दिसलं तरी 'सोनोग्राफी नॉर्मल, किडनी नॉर्मल' असं नातेवाइकांना सांगू नकोस. किडनीतल्या सूक्ष्म नलिकांची इजा पडद्यावर दिसतेच असं नाही. डायलिसिस करायचं की नाही, ते पोटॅशियम, ॲसिडोसिस (रक्तातलं वाढलेलं आम्ल), फुफ्फुसातलं पाणी बघूनच ठरव.

आणि मशीन कुणी मागितलं म्हणून शेजारच्या नर्सिंग होममध्ये उचलून नेऊ नकोस. त्याची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखालची) नोंदणी आपल्या जागेवर आहे.

तुझा,
सर