‘एफ-वन नाहीतर घरी ये’ ही अट आधी मागे घ्या

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. शिरोली एमआयडीसीत तुमचं मशीन शॉप आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आणि चार लेथ. मुलगा पुण्यात मेकॅनिकलच्या थर्ड इयरला, सीजीपीए ६.४, कायनेमॅटिक्सचा (यंत्राचे भाग कसे हलतात तो विषय) एक बॅकलॉग, कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये, म्हणजे पोरं स्वतः छोटी रेसकार बनवून स्पर्धेत उतरवतात तिथे, सस्पेन्शन बघतो आणि म्हणतो मला मोटरस्पोर्ट्समध्येच जायचंय. दिवाळीत सगळे पाहुणे बसलेले असताना तुम्ही त्याला सांगितलंत की शेत तारण ठेवून इंग्लंडला एमएसला पाठवतो, पण शिकून झाल्यावर दोन वर्षांत एफ-वनच्या, म्हणजे फॉर्म्युला वन या सगळ्यात वरच्या कार रेसिंगच्या टीमला लागला नाहीस तर गुपचूप घरी येऊन धंदा बघायचा. तेव्हापासून तुमचं दोघांचं बोलणं बंद, निरोप सगळे आईच्या फोनवरून. आणि मला तुम्ही विचारलंय की कुठली युनिव्हर्सिटी चांगली.

युनिव्हर्सिटीचं नंतर बघू. तुमच्या पत्रात शेवटी शेवटी एक ओळ आहे, तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. ‘गाडीचे अपराइट त्याने भोसरीत बाहेरून करून घेतले, पैसे मोजून, घरात व्हीएमसी असताना.’ दादा, हे तुम्हाला लागलंय ते कळतंय मला, पण त्याच्या बाजूने जरा बघा. अपराइट म्हणजे चाकाचं बेअरिंग जिथे बसतं तो भाग, या टीमांमध्ये तो बऱ्याचदा ७०७५ ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधून काढतात, बोअरचा, म्हणजे बेअरिंगच्या भोकाचा, फिट चुकला तर बेअरिंग ढिलं पडणार आणि आख्खं चाक हलायला लागणार. एवढं नाजूक काम, आणि ते ज्या माणसाच्या हाताखाली बघत तो लहानाचा मोठा झाला त्यालाच विचारायची त्याची हिंमत झाली नाही, अनोळखी माणसाकडे जाऊन पैसे मोजणं त्याला सोपं वाटलं. त्याचे मार्क, त्याचा बॅकलॉग हे सगळं सुधारता येतं, मला खरी काळजी या गोष्टीची वाटते.

आता एफ-वनचं. तुम्ही लिहिलंय की ‘तोच हट्टाला पेटलाय, एफ-वनशिवाय ऐकत नाही’. मला उलटं दिसतंय. अट तुम्ही घातलीत म्हणून तो एफ-वनला धरून बसलाय. वीस वर्षांचा पोरगा, मामा-काका-आत्या सगळे साक्षीदार करून ठेवलेत, आता त्याने उद्या येऊन सांगितलं की मला चेन्नईच्या एका रेसिंग टीममध्ये डेटाचं काम मिळतंय किंवा चाकणला व्हेइकल डायनॅमिक्समध्ये (गाडी वळणावर, ब्रेकला कशी वागते ते बघायचं काम) ट्रेनी म्हणून घेतायत, तर घरात त्याचा अर्थ ‘हरला’ असाच होणार ना? मग तो कशाला सांगेल? करिअरची पैज लावायची नसते दादा, आणि पोटच्या पोराशी तर नाहीच नाही. ज्या पाहुण्यांसमोर ती अट बोलून दाखवलीत त्यांच्यासमोरच ती मागे घ्या, आईच्या फोनवरून निरोप पाठवून हे काम होणार नाही.

पुढचं तुम्हा दोघांना मिळून सांगते, कारण गैरसमज दोघांचाही तोच आहे, की मोटरस्पोर्टमधलं एमएस म्हणजे एफ-वनचं तिकीट. क्रॅनफिल्डला ॲडव्हान्स्ड मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंगचं एमएससी आहे, ऑक्सफर्ड ब्रुक्सचं नाव आहे, दोन्ही चांगली आहेत आणि तिथून मुलं टीममध्ये गेलेलीही आहेत, ते खोटं नाही. पण सगळ्या जगात एफ-वनच्या टीम अकरा. मोठ्या टीमच्या फॅक्टरीत माणसं हजाराच्या घरात असतात, त्यातली रेसच्या वेळी ट्रॅकवर गाडीच्या कामाला साधारण साठच, तीही मर्यादा नियमानेच घातलेली, बाकी सगळे कॉम्पोझिट, स्ट्रेस, सीएफडी (गाडीवरून हवा कशी वाहते त्याचं कॉम्प्युटरवरचं गणित), मशीनिंग, क्वालिटी असल्या कामात. यातल्या बऱ्याच जागा तिथल्याच ग्रॅज्युएशनच्या पोरांनी भरतात, जी शिकता शिकताच एक वर्ष टीममध्ये प्लेसमेंट करून आलेली असतात. आपल्या मुलाला त्यावर व्हिसाचं ओझं, म्हणजे शिकून झाल्यावर आत्ता दोन वर्षं राहता येतं, २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष, आणि आपला मुलगा त्यातच येणार, त्यानंतर स्पॉन्सर करणारी कंपनी पाहिजे आणि पगाराची अटही चढत चाललीय. म्हणजे तुमची जी ‘दोन वर्षं’ आहेत ती तिथल्या सरकारलाच मान्य नाहीत! आणि टीमवाले डिग्रीच्या नावाआधी विचारतात की तू काय बनवलंस, काय तुटलं, का तुटलं, मग काय केलंस. याची उत्तरं एमएसच्या आधी, आत्ताच्या कॉलेज टीमच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार होतात, जिथे तो रात्री झोपतो म्हणून तुम्ही चिडता.

एक गोष्ट सांगते, ती तुमच्या जवळची आहे. कोइमतूर हे गावही आपल्या कोल्हापूर-इचलकरंजीसारखंच, फाउंड्र्या, पंप, कापडाच्या गिरण्या. तिथे एस. करिवर्धन नावाचे गृहस्थ होते, सगळे कारी म्हणायचे. परदेशी रेसकार परवडत नाही म्हणून रडत न बसता त्यांनी मारुतीचं इंजिन घेऊन सिंगल सीटर गाडी डिझाइन केली, फॉर्म्युला मारुती, म्हणजे आपल्याकडच्या पोरांना परवडेल अशी रेसिंग उभी राहिली. त्याच गावचा नारायण कार्तिकेयन सुरुवातीला तीच फॉर्म्युला मारुती चालवायचा आणि २००५ ला एफ-वनमध्ये जाणारा पहिला भारतीय झाला. कारी १९९५ ला विमान अपघातात गेले, कोइमतूरचा ट्रॅक त्यांच्या नावाने आहे. ड्रायव्हरचं नाव सगळ्यांना माहितेय पण आधी कुणीतरी तिथल्याच वर्कशॉपमध्ये गाडी बनवली होती, आणि तुमचा मुलगा त्या दुसऱ्या बाजूचा आहे, बनवणाऱ्यांतला.

त्याच कारी ट्रॅकवर साधारण जानेवारीत फॉर्म्युला भारत होते, या पोरांची स्पर्धा. एकदा जाऊन बघा, पोराने बोलावलं नाही तरी जा. एन्ड्युरन्स म्हणून एक इव्हेंट असतो, बावीसेक किलोमीटर, अर्ध्यात ड्रायव्हर बदलायचा, गाडी बंद करून परत चालू व्हायला पाहिजे. वर्षभर राबून बनवलेल्या कितीतरी गाड्या तिथेच बंद पडतात, कुठे पाइप निसटतो, कुठे वायर, आणि पोरं पिटमध्ये बसून रडतात, मग रात्री परत खोलून बघतात. आणि हो, नुसतं पळणं नसतं, हजार मार्कांतले ३२५ गाडी उभी असतानाचे असतात, त्यात शंभर मार्क कॉस्टचे, म्हणजे नटबोल्टपासून प्रत्येक पार्ट कसा बनतो, किती वेळ लागतो, किती खर्च येतो ते परीक्षकांपुढे सांगायचं. सायकल टाइम, सेटअप, रिजेक्शन, हे तुमच्याइतकं त्याला कोण शिकवणार? पुण्यातल्या क्लासवाल्यांकडे हे नाही, तुमच्याकडे तीस वर्षांचं पडून आहे.

आता मुलाला, त्याला हे वाचायला द्या. बाळा, सस्पेन्शन बघतोस आणि कायनेमॅटिक्समध्येच बॅकलॉग? टीममुळे वेळ नाही मिळाला वगैरे माझ्याकडे चालणार नाही. कॅम्बर (चाकाचा कल) किती बदलतो, रोल सेंटर (वळताना गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) कुठे सरकतं हे सॉफ्टवेअर काढून देतं पण डिझाइनच्या परीक्षकाने ‘हाच पॉइंट का घेतलास’ विचारल्यावर सॉफ्टवेअर उभं राहत नाही, तुला उभं राहायचंय. हा विषय पुढच्या परीक्षेत सुटलाच पाहिजे, आणि सीजीपीए सातच्या वर ने, मार्क कमी असले की बऱ्याच चांगल्या कोर्सचे दरवाजे बंद होतात. शिवाय मॅटलॅब किंवा पायथन नीट शिक आणि लॉगरचा (गाडीतलं नोंदी ठेवणारं यंत्र) डेटा बघून ड्रायव्हर कुठे वेळ घालवतोय ते सांगता येईल इतकी सवय कर. सुट्टीत रेसला मार्शल म्हणून, म्हणजे ट्रॅकवर झेंडे दाखवायला-मदतीला, जा, रेस वीकेंड कसा चालतो ते आतून दिसतं.

बाकीचे रस्ते तुम्हाला माहीतच असतील, गेट देऊन ऑटोमोटिव्हमध्ये एमटेक, आयईएलटीएस देऊन बाहेर, त्यावर मी वेळ घालवत नाही. पण एफ-वनच्या खाली मोठं जग आहे हे लक्षात घ्या. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आणि कोइमतूरला नॅशनल चॅम्पियनशिपच्या रेस होतात, त्या टीमना इंजिनिअर लागतात, पगार सुरुवातीला कमी असतो, हे स्पष्टच सांगते. टीव्हीएसचं रेसिंग १९८२ पासून चालू आहे, हिरोची टीम २०१७ पासून डकार रॅलीला (वाळवंटातली लांब पल्ल्याची रेस) जाते, महिंद्राची टीम फॉर्म्युला ई मध्ये (विजेच्या गाड्यांची रेस) पहिल्या सीझनपासून आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, चाकणच्या कंपन्या आहेत, तिथे दोन-तीन वर्षं टेस्टिंग किंवा व्हेइकल डायनॅमिक्स केलेला मुलगा एमएसला गेला तर तिथे तो वेगळाच दिसतो. आणि तुम्ही ‘त्यापेक्षा टीसीएसला लागला असता’ असं लिहिलंय ना, फॉर्म्युला ई मधल्या जॅग्वारच्या टीमच्या नावातच टीसीएस आहे.

माझं मत विचारत असाल तर आत्ता एमएस नको. फायनल इयर पूर्ण करू दे, बॅकलॉग सुटू दे, दोन वर्षं इथे नोकरी करू दे, मग त्याच्या स्वतःच्या पगाराचा काही वाटा घालून काय ते ठरवा. तोवर त्यालाही कळेल की त्याला नक्की काय आवडतं, गाडी बनवणं, डेटा बघणं की नुसतं रेसचं वातावरण, यातली तिसरी गोष्ट निघाली तर तेही आत्ता कळलेलं बरं, शेत गेल्यावर नको.

बँकेत कर्जाची फाईल दिलीय म्हणालात, उद्याच जाऊन ती थांबवा आणि सातबारा परत घरात आणून ठेवा. आणि संध्याकाळी फोन करा, आईच्या नाही, तुमच्या फोनवरून. काय बोलायचं सुचलं नाही तर अपराइटच्या बोअरला टॉलरन्स किती धरला होता तेवढं विचारा.