नवी गाडी, घरातलंच सामान

नव्या गाडीबद्दल अभिनंदन! ती घरच्याच सामानाने धुवायची असेल, तर फडकं लगेच हातात घेऊ नका. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की बारीक चरे पडतात. माझ्या बॉनेटवर ते उन्हात अजून जाळ्यासारखे दिसतात. आधी मगाने वरून खाली पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या: एकीत पाणी आणि दोन झाकणं साधा शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला नुसतं पाणी. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स, म्हणजे रंगावरचा मेणाचा थर, उतरवतो. फडकं म्हणजे जुनी सुती बनियन, शिवणी कापून टाकलेली. चाकं शेवटी, वेगळ्या चिंधीने.

कबुतराची घाण वाळली असेल तर नखाने खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर ठेवा, मऊ होऊन सुटते. पावसाळ्यात आत कुबट वास येतोच. मॅटवर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडा. मॅट आधी पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर नुसता लगदा. टूथपेस्टने हेडलाइट उजळतो खरा, पण थोड्याच दिवसांत पुन्हा पिवळा. आणि हे सगळं सकाळी, सावलीत. तापलेल्या पत्र्यावर साबणाचे डाग बसतात.