नाव कापरेकरांचे, नाव डोंबिवलीचेही

प्रश्न : माझ्या आठवीतल्या मुलीने ‘कापरेकर स्थिरांक’ हा शब्द घरी आणला. गणितात हे मराठी आडनाव कसे आले आणि अशी नावे कोण ठरवतो? – एक पालक, मुलुंड

उत्तर : अशी नावे ठरवणारे कोणतेही कार्यालय नाही. एखादी गोष्ट ज्याने शोधली त्याच्या नावाने इतर अभ्यासक आपल्या लेखांत तिचा उल्लेख करू लागतात आणि तेच नाव पुढे रुळते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. पदव्युत्तर शिक्षण न घेतलेले हे गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते, आणि तरीही त्यांचे नाव जगभरच्या गणितात रुजले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मुलीला कागद-पेन्सिल घेऊन बसवा आणि कापरेकरांचे जन्मवर्षच घ्या. १९०५ मधले अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१० आणि चढत्या क्रमाने मांडले की ०१५९, वजाबाकी ९३५१. उत्तरावर पुन्हा हीच कृती केली की क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४ येते. त्यापुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ हलत नाही; हाच कापरेकर स्थिरांक. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचते, आणि १९०५ ला बरोबर सातच लागतात! कापरेकरांना हे १९४९ मध्ये सापडले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते जगभरच्या वाचकांना ठाऊक झाले.

‘कापरेकर संख्या’ हा प्रकार वेगळा आहे : ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५.

मला मात्र त्यांनी स्वतः ठेवलेली नावे अधिक जिव्हाळ्याची वाटतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले. ‘डेमलो संख्या’ हे नाव तर तुमच्याच मध्य रेल्वेवरच्या स्थानकाचे आहे. त्या संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवली स्थानकात सुचली आणि त्या स्थानकाचे तेव्हाचे नाव, डेमलो, त्यांनी त्या संख्यांना दिले. पुढच्या वेळी मुलुंडहून त्या बाजूला जाल तेव्हा मुलीला गाडीतच १११ चा वर्ग करायला सांगा. १२३२१ हे उत्तर, म्हणजे एक डेमलो संख्याच, ती डोंबिवली येण्याआधीच काढील.