जॅकवर गाडी आहे, खाली जाऊ का? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या महिन्यात मी घरच्या घरी गाडीचं ऑइल कसं बदलायचं ते लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. ऑइलचा ग्रेड कुठला, फिल्टर कुठला हे विचारणारे थोडेच, बाकी सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच, "असं केलं तर चालतं का?" मी सव्वीस वर्षं गॅरेजमध्ये काम करतोय आणि कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी एकच बघतो, हे निसटलं तर कुठं येणार आणि तिथं माझं काय आहे, डोकं, हात की डोळा. खालची उत्तरं त्याच हिशोबानं वाचा.

प्रश्न : काका, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइल बदलायचंय. गाडीसोबत आलेला जॅक आहे, त्यावर पुढची बाजू उचलून खाली जाऊ का? पाच-दहा मिनिटांचंच काम आहे. – एक वाचक, डोंबिवली

नाही जायचं. पाच मिनिटं नाही, एक मिनिटसुद्धा नाही.

तो जॅक कंपनीनं स्टेपनी बदलायला दिलाय, आणि स्टेपनी बदलताना माणूस गाडीच्या बाजूला बसलेला असतो, खाली नसतो. त्या जॅकचा पाया बघा, तळहाताएवढा असतो, त्यात वर गाडीचा सगळा भार एका स्क्रूवर. सरळ खाली दाबलं तर तो उभा राहतो, पण तुम्ही खाली झोपून ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल सोडायच्या बोल्टला, पाना लावून जोरात झटका देणार, प्लग मागच्या वेळी कुणीतरी आवळून ठेवलेला असणार, त्या झटक्यानं गाडी आडवी हलते आणि जॅक आडवा पडतो. गॅरेजमधला चाकाचा हायड्रॉलिक जॅकसुद्धा फक्त उचलायला, आतलं सील गेलं की तो खाली बसतो, कधी हळूहळू, कधी एकदम.

उचलायचं जॅकनं आणि टेकवायचं घोडीवर. घोडी म्हणजे तीन-चार पायांचा लोखंडी स्टँड, जोडीनं मिळतो, त्यावर किती टनाचा ते लिहिलेलं असतं. मॅन्युअलमध्ये टेकवायच्या जागा दाखवलेल्या असतात त्याच धरायच्या, ऑइलच्या चेंबरखाली किंवा पातळ पत्र्याखाली लावायची नाही. जमीन सपाट आणि कडक पाहिजे, मुरुमावर किंवा तापलेल्या डांबरावर घोडीचे पाय रुततात. दोन्ही घोड्यांवर गाडी बसली की उभं राहून गाडीला खांद्यानं दोनदा जोरात ढकलून बघायचं, पडायची असेल तर ती तेव्हाच पडू दे. काढलेलं चाक किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवायची, सगळं फसलं तरी तेवढी जागा उरते.

आता एक गोष्ट जी भल्याभल्यांना माहीत नसते. हँडब्रेक ओढलाय म्हणजे गाडी जाग्यावर राहील असं आपण धरून चालतो, पण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. म्हणजे तुम्ही मागची बाजू उचलली तर हँडब्रेकनं धरलेली चाकं हवेत आणि जमिनीवरची पुढची चाकं मोकळी! मग म्हणाल पहिल्या गिअरमध्ये ठेवतो, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं एक पुढचं चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे, ते हवेतलं चाक फिरतं आणि दुसरं चाक गिअरनं धरलं जात नाही. म्हणून हँडब्रेक, गिअर हे दोन्ही आहेच, पण जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. चाक काढायचं असेल तर नट जमिनीवरच अर्धा फेरा ढिले करून घ्या, हवेत जोर लावायची वेळच येऊ देऊ नका.

आणि विटा लावू नका हो. मी शिकत होतो तेव्हा एका गॅरेजमध्ये जॅक कमी पडले की विटांची थप्पी लावायचे. एका दुपारी आमचे मोठे मिस्त्री खाली होते, चौदा नंबरचा पाना हवा म्हणून स्वतःच सरकत बाहेर आले, मी पेटीत पाना शोधतोय तोवर मागं खसकन आवाज आला. वीट तडकत नाही, तिचा चुरा होतो, आधी काही इशारा नाही. गाडी बसली ती बरोबर त्यांची छाती होती तिथं. मिस्त्री काही बोलले नाहीत, बादलीतलं पाणी प्यायले आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. तेव्हापासून माझ्याकडे कुणी पोरगं शिकायला आलं की पहिल्या दिवशी त्याला घोडी लावायला शिकवतो, पाना नंतर.

घोडी नसेल तर सरळ रॅम्प असलेल्या गॅरेजला जा. तिथंही इंजिन कोमट असताना ऑइल सोडायला सांगा, लांबून आल्या आल्या प्लग उघडला तर ते ऑइल हाताची साल काढतं. जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही, डब्यात भरून गॅरेजला द्या.

प्रश्न : माझा मुलगा बाईक मेन स्टँडवर लावून, पहिला गिअर टाकून, इंजिन चालू ठेवून चेन साफ करतो. म्हणतो सगळेच असं करतात. मला बघवत नाही. – एक आई, सातारा

ताई, तुम्हाला बघवत नाही ते बरोबरच आहे, हे त्याला आजच वाचून दाखवा.

बाळा, चाक हळू फिरतंय असं तुला वाटतं, पण शंभर सीसीच्या बाईकला नुसत्या आयडलवर पहिल्या गिअरमध्ये सेकंदाला साधारण वीस-पंचवीस कड्या मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चाकाच्या दातेरी चकतीवर, चढतात. फडक्याचा एक दोरा दातात अडकला की फडकं ओढलं जातं आणि फडक्याला गुंडाळलेलं बोट फडक्याच्या आधी सुटत नाही. माझ्याकडे एकजण असाच आला होता, हाताला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेल सोडला तेव्हा बोटाचं शेवटचं पेर नव्हतं. ते चेनकव्हरमध्ये होतं, ग्रीसनं काळं झालेलं, त्याचा भाऊ बाईकवरून ते शोधून घेऊन दवाखान्यात पळाला. नाही बसलं परत.

इंजिन बंद, चावी काढून खिशात, गिअर न्यूट्रल. एका हातानं टायर धरून चाक उलटं, म्हणजे मागच्या दिशेनं फिरवायचं आणि दुसऱ्या हातात ब्रश, फडकं नाही. रॉकेल किंवा डिझेलनं ब्रश मारायचा, पुसायचं ते चाक थांबवून, मग चेनचं ऑइल, ते मात्र टायरवर उडू द्यायचं नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : कसारा घाटात गाडी गरम झाली, मिस्टरांनी बोनेट उघडून रेडिएटरचं झाकण काढायला घेतलं, मी ओरडून थांबवलं. माझं बरोबर होतं का? – एक वाचक, नाशिक

शंभर टक्के बरोबर होतं. ते झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिटीच समजा. आत साधारण एक किलोचा दाब असतो, त्या दाबाखाली कूलंट मिसळलेलं पाणी एकशेवीस डिग्रीच्या आसपास गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि सगळं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं, कारण झाकण काढणारा माणूस वाकून बघत असतो. नव्या गाड्यांत झाकण पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टाकीवर असतं, तिथंही दाब तेवढाच.

बाजूला घ्या, इंजिन बंद करा, निदान अर्धा-पाऊण तास थांबा, लेकरं गाडीतून उतरवून कठड्याच्या आत उभी करा. वरचा जाड पाइप फडक्यानं दाबून बघा, टणक लागला तर अजून थांबायचं. मऊ पडला की झाकणावर जाड ओला कपडा ठेवून पाव फेरा फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतू नका, इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकतं. आणि एक सांगतो, काही गाड्यांत चावी काढली तरी रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, तेव्हा ओढणी, पदर, सैल बाही लांब.

प्रश्न : बॅटरी काढताना आधी कुठली वायर काढायची? – एक विद्यार्थी, लातूर

आधी मायनस, मग प्लस. लावताना उलटं, आधी प्लस, शेवटी मायनस. कारण समजून घे म्हणजे विसरणार नाहीस. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते, तू प्लसचा नट खोलताना पाना बॉडीला टेकला तर पाना लाल होतो, मायनस आधीच काढलेला असेल तर टेकला तरी काही होत नाही. अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेव. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं काडी, बिडी, ठिणगी काही नको, म्हणूनच दुसऱ्या गाडीवरून केबल लावून स्टार्ट मारताना काळ्या केबलचं शेवटचं टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावतात, बॅटरीला नाही.

प्रश्न : आमची डंपिंगची ट्रॉली आहे, शेणखत टाकायला. ग्रीसिंग करताना हौदा वर उचलून खाली शिरावं लागतं. भाऊ म्हणतो हायड्रॉलिक धरतंय, काय होत नाही. – एक शेतकरी, विटा

दादा, तुमच्या भावाला सांगा हायड्रॉलिक धरतंय म्हणजे एक रबरी सील आणि एक होजपाइप धरतोय. तो पाइप उन्हात तडकलेला असतो, कधी उंदरानं कुरतडलेला असतो, आणि ट्रॅक्टरवर लहान पोरगं चढून लिव्हरशी खेळलं तर पाइप नवा असून उपयोग नाही. मला सगळ्यात जास्त धास्ती याच कामाची वाटते, कारण हौदा पडला तर बाजूला सरकायला जागा नसते, चासी खाली आणि हौदा वर, मधे माणूस.

हौदा रिकामा करा, उचला, आणि चासी व हौद्याच्या मधे लोखंडी टेकू उभा करा. काही ट्रॉल्यांना तो जोडलेलाच येतो, गंजून तसाच पडलेला असतो, नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून जाड चॅनेलचा, दोन्ही टोकांना खोबण असलेला करून घ्या, निसटू नये म्हणून. बाभळीचा ओंडका नको, तो फिरतो. हौदा टेकूवर हळूच बसवा, ट्रॅक्टर बंद करा, चावी आत जाणाऱ्या माणसाच्या खिशात. त्याच्याच, दुसऱ्या कुणाच्या नाही.

ट्रॉलीचा विषय निघालाच आहे तर चाकाचंही बोलतो. ज्या डिस्कला टायर धरून ठेवणारी वेगळी लॉकरिंग, म्हणजे लोखंडी कडी, असते त्या टायरची हवा आधी पूर्ण काढायची, व्हॉल्व्हची सुई काढूनच, आणि मग रिंगेला टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावायची. हवा भरताना रिंग नीट बसलेली नसेल तर ती उडते, आणि उडते ती समोर. पिंजऱ्यात ठेवून भरणारा टायरवाला शोधा, पिंजरा नसेल तर चाक रिंगेच्या बाजूनं भिंतीकडे करून, लांब पाइपनं, स्वतः टायरच्या नक्षीच्या बाजूला उभं राहून भरा. लोकांना बघायला उभं करू नका.

प्रश्न : पार्ट धुवायला पेट्रोल वापरलं तर? – एक वाचक, बार्शी

नको. पेट्रोलची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते, हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरत जाते आणि पलीकडच्या वेल्डिंगपर्यंत पोचते. रॉकेल किंवा डिग्रीझर वापरा, तेही उघड्यावर. आणि तोंडानं पाइप ओढून पेट्रोल काढायचं तर कधीच नाही, दहा रुपयांचा हातपंप मिळत नसेल पण शंभर-दोनशेला मिळतो. थंडीत शटर ओढून इंजिन चालू ठेवायची सवय असेल तर तीही मोडा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आधी डोकं दुखतं मग झोप येते.

प्रश्न : मी व्हिडिओ बघून गाडीचे पुढचे ब्रेक पॅड स्वतः बदलायला शिकलोय. एकदा नीट केले. पुढेही करू का? – एक तरुण, म्हापसा

कर, हाताला काम कळतं तर सोडू नकोस. फक्त चार गोष्टी व्हिडिओत घाईत जातात. एक, ब्रेकमधली काळी धूळ फुंकर मारून किंवा हवा मारून उडवायची नाही, ती छातीत जाते, ब्रेक क्लीनरनं किंवा ओल्या फडक्यानं पुसायची. दोन, कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, काढला की तो ब्रेकच्या पाइपला लटकत ठेवायचा नाही, तारेनं स्प्रिंगला बांधायचा, पाइप आतून तुटतो आणि बाहेरून दिसत नाही. तीन, ब्रेक ऑइल बाटलीवरचा डॉट नंबर, म्हणजे ग्रेड, बघूनच टाकायचं, अर्धी उघडी राहिलेली जुनी बाटली नाही, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पॅडला, डिस्कला ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पाय दिला की पेडल सरळ खाली जातं, ब्रेक लागतच नाही. गाडी सुरू करून मागं घ्यायच्या आधी, जाग्यावरच, पेडल घट्ट होईपर्यंत मारत राहा, दहा वेळा, पंधरा वेळा. मग टाकीतली लेव्हल बघ, चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळ, आणि अंगणातच चालण्याच्या वेगानं पुढं-मागं घेऊन दोनदा थांबवून बघ. पेडल कडक लागलं तरच गेट उघडायचं.