रेल्वेत इंजिनिअर व्हायला रेल्वे इंजिनिअरिंगचीच पदवी लागते का?

नाही, सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स पुरतं. रेल्वे भरती मंडळाची ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा याच शाखांवर चालते, तिथे डिप्लोमाही चालतो. सिव्हिलला रेल्वे जेमतेम एका विषयापुरती येते: १६७६ मिमीचा ब्रॉडगेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), रुळांखालचे आडवे स्लीपर, खाली खडी, आणि गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे, सगळ्यांना छळणारे पॉइंट्स-क्रॉसिंग. खरं शिक्षण नोकरी लागल्यावर मिळतं. सिव्हिलच्या अधिकाऱ्यांना पुण्याच्या इरिसेनमध्ये, इलेक्ट्रिकलवाल्यांना नाशिकच्या इरिनमध्ये; दोन्ही रेल्वेच्याच प्रशिक्षण संस्था. तरी रेल्वेच शिकायची असेल तर वडोदऱ्याचं गतिशक्ती विद्यापीठ आहे, बी.टेक.चा प्रवेश जेईई मेनवरून. पण तिथली पदवी म्हणजे रेल्वेची नोकरी नव्हे, भरतीची परीक्षा द्यावीच लागते. आणि शाखेची अट पदागणिक बदलते, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा.